साबणाचे पट्टे

आमची आत्या तोंडाची फटकळ, पण हाताची चोख. शाळेच्या खिडक्या पुसायची. बाटलीतला निळा फवारा तिला चालायचा नाही, "नाकाला झोंबतं मेलं!" म्हणायची. व्हिनेगर घातलेलं अर्धी बादली पाणी आणि जुनी वर्तमानपत्रं, एवढ्यावर ती अशी लख्ख पुसायची की मध्ये काच आहे हेच कळू नये.

एकदा एका पाखरालाही ते कळलं नाही. काचेवर आदळून ते तिच्या पायाशी पडलं. त्या दिवशी आत्याला घास गेला नाही.

तेव्हापासून पुसून झालेल्या प्रत्येक काचेवर ती साबणाचे उभे पट्टे ओढू लागली.

"अहो बाई, डाग राहिलेत!" मुख्याध्यापक चिडले.

"दिसले ना तुम्हाला?" आत्या फणकारली. "मग पाखरांनाही दिसतील."