वेळेवर सही

मी तेव्हा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत सॉफ्टवेअर सांभाळायचो. आमची कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, पुण्याच्या एका कंपनीला जायची. गाडी सुटली की मालाची माहिती आमच्या सर्व्हरवरून त्यांच्या सर्व्हरला आपोआप पोचावी आणि तिच्यावर डिजिटल सही असावी, असं त्यांनी ठरवलं. आमचा प्रोग्रॅम जावामधला, त्यांचा डॉटनेटमधला. आमचा प्रत्येक संदेश परत यायचा. सुरक्षा तपासणीत नापास, एवढंच उत्तर. कुठं चुकलं ते कळायचं नाही.

तिकडच्या एक बाई हे काम बघायच्या. आम्ही एकमेकांना मेल लिहायचो, अगदी अदबशीर इंग्रजीत. मतलब एकच असायचा : चूक तुमच्याकडं आहे. दरम्यान आमच्या गाड्या त्यांच्या गेटावर अडकून पडू लागल्या. एका दुपारी मालक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आपलं सहीचं सर्टिफिकेट बरोबर हाय न्हवं?"

"आहे."

"मग फोन लावा की त्या बाईंना. लिहीत काय बसलाय?"

मी फोन लावला आणि इंग्रजीतच सुरुवात केली. मालक तिथंच उभं राहून दुसऱ्या कुणाला तरी आमच्याकडच्या बोलीत झापत होते. ते ऐकून बाई थांबल्या.

"मी गडहिंग्लजची," त्या मराठीत म्हणाल्या. "बोला आता."

मी त्यांच्याकडं चालणारा एक संदेश मागितला. त्यांनी लगेच पाठवला. आमचा आणि तो शेजारी ठेवून आम्ही एकेक ओळ वाचत गेलो.

"तुमची वेळेवर सही न्हाय," त्या म्हणाल्या.

"वेळेवरच होते की. संदेश तयार झाला की लगेच."

"तसं न्हवं. संदेशात वेळ लिहिलीय न्हवं? त्या वेळेवर सही न्हाय. तुम्ही नुसत्या मजकुरावर केलीय."

खरंच तसं होतं. त्यांच्या प्रोग्रॅमला मजकूर आणि वेळ, दोन्हींवर सही लागायची. आमचा फक्त मजकुरावर करायचा. दोन्हीकडच्या माहितीपत्रकांत नुसतं "सही आवश्यक" असं लिहिलेलं. सही कशावर करायची त्या सेटिंगमध्ये मी मजकुराबरोबर वेळही घातली आणि संदेश पुन्हा पाठवला. तो स्वीकारला गेला.

"चूक कुणाची निघाली?" मालकांनी विचारलं.

"कुणाची नाही. पद्धती वेगळ्या होत्या."

"म्हंजे आपलीच," असं म्हणून ते भट्टीकडं गेले.

बाईंशी नंतर दोन-तीनदा बोलणं झालं, तेही कामापुरतं. पुढं त्यांनी नोकरी सोडली. हे मला त्यांच्या जागी आलेल्या माणसाच्या मेलवरून कळलं. तो मेल इंग्रजीत होता. मीही इंग्रजीतच उत्तर दिलं.