पेवातला दोस्त

आमच्या पेवाची जागा मीच सांगितली. हे मी आजवर बायकोलाही बोललो नाही.

निजामाच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. बिलोलीकडं आमचं गाव. सरकार लेव्ही म्हणून घराघरांतली ज्वारी उचलून न्यायचं. म्हणून वडिलांनी गोठ्यातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार, वरून सारवून त्यावर बैल बांधले होते. ठाऊक चौघांनाच. आई, वडील, आमचा सालगडी आणि मी.

मी एकुलता. हिवतापानं खंगलेलो, त्यामुळं बाहेर खेळायला सोडत नसत. मग मी पेवात माझ्याएवढा एक मुलगा वसवला. अंधारात ज्वारीच्या ढिगावर तो बसलेला असायचा. जमिनीला कान लावला की त्याचा श्वास ऐकू यायचा. बैलांचं रवंथ असेल ते.

सालगड्याला हे माहीत होतं. वैरण टाकताना तो विचारायचा, "काय धाकले मालक, जेवला का तुमचा दोस्त?"

"भाकर कुठली त्याला? कच्ची ज्वारीच खातो."

"मग पोट दुखंल की." असं म्हणून तो कनवटीच्या पुडीतला चिमूटभर ओवा खरंच जमिनीवर ठेवायचा.

एका दुपारी लेव्ही वसूल करणाऱ्या गिरदावराचा चपराशी पाणी मागायला आला. मी कान लावून पडलो होतो.

"काय ऐकून राहिला रे लेकरा?"

परक्या माणसानं इतक्या मायेनं मला कधी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं.

"लई उंच हाय का त्याचा ढीग?"

मी हात वर करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पेव फोडलं. गाड्या भरून ज्वारी गेली. वडिलांनी सालगड्याला धरलं. त्यानं मारुतीपुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली. "म्या न्हाई सांगितलं, मालक."

"मग काय ह्या पोरानं सांगितलं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. दोस्ताचं त्या एकट्यालाच माहीत होतं. तो काही बोलला नाही. मीही नाही.

चहाडखोर म्हणून गावात त्याला पुन्हा कुणी कामाला ठेवलं नाही. बायको-लेकरं घेऊन तो उदगीरकडं गेला. रिकामं पेव आठ दिवस उघडंच होतं. मी एकदाही वाकून पाहिलं नाही.

तो वारल्याचं मागाहून कळलं. मुलगा उदगीरच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, हमाली करतो म्हणे. तुझ्या बापानं चहाडी केली नव्हती, मी केली होती, हे त्याला समोर उभं राहून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.