कड्या उगवेपर्यंत

माझ्या मोठ्या नणंदेला गल्लीत सगळे ‘खुराडेवाली’ म्हणतात. वन्सं कोंबड्यांची लस बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, म्हणून. त्यांना त्याचा राग नाही. “फुकट अंडी मागू नका म्हणजे झालं,” म्हणतात.

काल संध्याकाळी आल्या त्या कारखान्यातल्या फ्रीजरची किल्ली गळ्यात अडकवूनच. ज्या विषाणूपासून लस बनते, त्याचं बियाणं त्या फ्रीजरात असतं. चपलाही न काढता म्हणाल्या, “अगं, आधी चहा टाक. आज भांडून आलेय.”

भांडण असं. काचेच्या बाटल्यांत कोंबडीच्या पेशी वाढवतात. पेशीच्या अंगावर बारीक कड्या असतात म्हणे. विषाणू ती कडी धरून आत शिरतो आणि आत शिरला तरच वाढतो. पण पेशी एका बाटलीतून दुसरीत न्यायच्या, तर त्या काचेवरून सोडवायला एक औषध घालतात, आणि ते कड्याही खरवडून काढतं. रात्रभर विसावा दिला की कड्या पुन्हा उगवतात. मला यात देवाची करणी दिसते, वन्संना पेशींची. असो.

काल पेशी नुकत्याच हलवलेल्या, आणि साहेबांनी कुणाला तरी लवकर माल कबूल केलेला. म्हणाले, “आत्ताच विषाणू टाका.”

“कड्या उगवल्या नाहीत अजून.”

“ठाऊक आहे मला. वाढेल तेवढा वाढेल. कमी पडलं तर जुन्या मालात मिसळू. इथे साहेब मी की पेशी?”

“साहेब तुम्हीच. कड्या मात्र त्यांच्या.” आणि वन्सं फ्रीजरला कुलूप लावून घरी.

जेवताना आमचे हे म्हणाले, “ताई, किल्ली देऊन ये. नोकरी जाईल.”

“जाऊ दे. मागे असाच पाणचट माल बाहेर गेला, तेव्हा एक बाई मेलेल्या कोंबड्या टोपलीत घालून फाटकाशी आली होती. आता आली तर तू बोलशील तिच्याशी?”

फोन वाजत होता. वन्संनी उचलला नाही, आणखी वाढून मात्र घेतलं.

आज सकाळी त्यांनीच कुलूप काढलं आणि विषाणू टाकला. साहेब ‘कारणे दाखवा’ नोटीस घेऊन मागे उभे. “हात मोकळे झाले की घेते,” म्हणाल्या, आणि शेवटची बाटली आत ठेवल्यावरच घेतली. उत्तर तिथेच लिहून दिलं: पेशी माझ्या हातच्या आहेत, उद्याही बघायला येणार.

विषाणू वाढला की पेशी गोल होऊन काचेवरून सुटतात. ते परवापर्यंत दिसेल. नोकरीचं काय, ते तेव्हाही कळेलच असं नाही. फाटकावर अडवलं तर, मी विचारलं. “अडवू दे. आपणहून घरी बसायची नाही मी.”

संध्याकाळी मी देवापुढे बसले. साहेबांचं मन वळव, असं मागायला हे सांगत होते. मी मागितलं नाही. वन्संचं वळवू नकोस, एवढंच म्हटलं, आणि उद्याचा त्यांचा डबा घासून पालथा घातला.