आमचे बाहेरचे पिंपळखुटे

अद्वैत आणि ईरा,

पिंपळखुटे गेले, असं मी मागच्या महिन्यात फोनवर सांगितलं, तेव्हा अद्वैतने लगेच विचारलं, "आजी, ज्यांनी बाबाला फॅक्टरीतून काढलं, ते हेच ना?" तुमचे बाबा तुमच्या शेजारीच बसले होते. मी हवापाण्यावर विषय नेला. नंतर ते मला बरं वाटेना. तुमच्या कानावर गोष्टीचं एकच टोक आलेलं आहे. दुसरं माझ्यापाशी आहे, आणि माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. म्हणून लिहिते आहे. वाचायला जड गेलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

तुमच्या आजोबांनी जबलपूरला रांझीच्या पुढे रबरी सील बनवायचा कारखाना काढला. सील म्हणजे यंत्रातलं तेल बाहेर झिरपू नये म्हणून बसवतात ती कडी. कंपनी कागदावर प्रायव्हेट लिमिटेड होती, पण तिचं संचालक मंडळ म्हणजे चेरीतालच्या घरातलं आमचं जेवणाचं टेबल. त्याभोवती आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ बाळकाका आणि मी. आजोबांचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा ते मला म्हणाले, "माझ्या जागी बाहेरचा एक माणूस बसव. पिंपळखुट्यांना विचार."

पिंपळखुटे सरकारी कारखान्यात आलेला माल तपासायचे आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आमचा माल त्यांनी दोनदा परत पाठवला होता. मी त्याची आठवण दिली. आजोबा म्हणाले, "म्हणूनच."

आमच्याएवढ्या कंपनीला कायद्याने स्वतंत्र, म्हणजे बाहेरचा, संचालक लागत नाही. त्यामुळे जबलपूरच्या आमच्या ओळखीच्या मंडळींत थोडं हसूच झालं. पहिल्या सभेला पिंपळखुटे स्कूटरवरून चेरीतालला आले. मी टेबलावर पोहे मांडले होते. ते उभेच राहिले.

"सभा इथं करून राहिले का तुम्ही?"

"नेहमी इथेच होते," मी म्हटलं.

"बाई, जेवायच्या टेबलावर सभा होत नाही. इथं पाहुणा नाही म्हणत नाही, आन् वाढणारीचं कोणी ऐकत नाही."

बाळकाकांचा चेहरा उतरला. मला मात्र वाक्याचा दुसरा भाग लागला. त्या घरात चाळीस वर्षं मी वाढत होते आणि संचालकही होते, आणि त्या टेबलावर माझं मत कोणी विचारल्याचं मला आठवेना. तेव्हापासून सभा कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये खुर्च्या टाकून होऊ लागल्या. त्या दिवशीचे पोहे त्यांनी टाकले नाहीत. सभा रद्द म्हणून जाहीर केली, मग बसले, लिंबू मागून घेतलं आणि दोन बशा खाल्ल्या.

सभेत ते मला 'बाई' म्हणत आणि सभा संपली की 'वहिनी'. यात त्यांची कधी चूक झाली नाही. मी एकदा हसून विचारलं, तर म्हणाले, "वहिनीला नाही म्हणता येत नाही ना. बाईंना येते."

सभेचं इतिवृत्त मी लिहीत असे. शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे ते काम माझ्याकडे आपसूक आलं होतं, आणि माझ्या नेटक्या अक्षराचा मला अभिमान होता. प्रत्येक ठरावाखाली मी 'सर्वानुमते मंजूर' लिहायची. पिंपळखुट्यांनी एकदा त्या शब्दावर बोट ठेवलं.

"सर्वानुमते काहून लिहिलं? मी तर बोललोच नव्हतो."

"तुम्ही गप्प होतात. म्हणजे होकारच ना?"

"घरात असन तसं. कागदावर जो बोलला त्याचं लिहा, जो नाही बोलला त्याला विचारा."

बाळकाका म्हणाले, "पिंपळखुटेजी, प्रत्येकाला विचारत बसलो तर संध्याकाळ होईल."

"होऊ द्या. अपने को कौन सी गाडी पकडनी है?"

मग खरंच एकेकाला विचारणं सुरू झालं. सभा लांबल्या. पण याच विचारण्यामुळे मला कळलं की बॉयलरची दुरुस्ती बाळकाकांना कधीच पटली नव्हती आणि ते तीन वर्षं केवळ आजोबांच्या धाकाने मान डोलावत होते.

आजोबा गेले. नितीन, म्हणजे तुमचे बाबा, पुण्याहून शिकून आले होते आणि दोन वर्षं उत्पादनाचं बघत होते. हुशार होते, कामगारांत मिसळत होते, आणि सगळं त्यांना कालच व्हायला हवं असे. वर्षश्राद्ध झालं की त्यांना व्यवस्थापकीय संचालक करायचं, हे घरात ठरलेलंच होतं. माझंही तेच स्वप्न होतं, हे तुम्हाला सांगून ठेवते.

श्राद्धाला आम्ही कारखाना बंद ठेवला. सगळे कामगार चेरीतालला जेवायला आले. पिंपळखुटेही आले. "ही काही सभा नाही," म्हणून पंगतीत बसून व्यवस्थित जेवले.

पुढच्या आठवड्यात सभा होती. पिंपळखुट्यांची रीत अशी की सभेच्या तासभर आधी येऊन चाचणीची वही चाळायची. आमच्याकडे प्रत्येक खेपेतले काही सील तीन दिवस गरम तेलात बुडवून ठेवत आणि मग फुगले का ते मोजत. बुडवल्याची तारीख, काढल्याची तारीख, माप आणि सही, एवढं वहीत असे. सभा सुरू झाली आणि बाळकाकांनी नितीनच्या नेमणुकीचा ठराव वाचला. वर म्हणाले, "यात बोलण्यासारखं काही नाही. आणि पिंपळखुटेजी, तुम्ही तर आता घरचेच."

"माफ करा, बाळासाहेब. घरच्यांची तुमच्याकडे काही कमी नाही."

त्यांनी वही नितीनपुढे ठेवली नाही, माझ्यापुढे ठेवली. "बाई, ही खेप गेल्या हप्त्यात बाहेर गेली. सील तेलात कधी टाकले, ती तारीख वाचा."

मी वाचली. मला त्यात काही दिसलं नाही.

"त्या दिवशी आपण सगळे कुठं होतो?"

श्राद्ध आम्ही तिथीने करतो. घरात सगळे तिथीच बोलत होते, त्रयोदशी, त्रयोदशी. इंग्रजी तारीख कोणाच्या डोक्यात नव्हती, नितीनच्याही नाही. माल पाठवायची घाई होती, म्हणून त्यांनी चाचणी केलीच नव्हती. मागे तीन दिवस मोजून वहीत तारीख टाकली होती, आणि ती नेमकी श्राद्धाची निघाली. ज्या दिवशी कारखान्याला कुलूप होतं आणि नितीन स्वतः वडिलांच्या पिंडांसमोर बसले होते, त्या दिवशीची त्यांची सही वहीत होती.

नितीन पिंपळखुट्यांना म्हणाले, "काका, माल चांगलाच आहे. मी रोज बघतो तो."

"असन. मी वाईट कुठं म्हणून राहिलो? तपासला नाही, एवढंच म्हणून राहिलो."

"एक बार की बात है," बाळकाका म्हणाले. "आपलाच मुलगा आहे."

"आपला आहे म्हणून तर वही पाहिली नाही कोणी."

नितीन उठून बाहेर गेले. मतं मोजायची होती. बाळकाका ठरावाच्या बाजूने, पिंपळखुटे विरुद्ध. उरले मी. मी पिंपळखुट्यांना म्हटलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी तुमच्या जागी नाही, बाई. माझा काही मुलगा दूर जाणार नाही. म्हणून माझं नाही म्हणणं सोपं आहे. तुमचं नाही. तुम्ही हो म्हटलं तर मी माझा विरोध लिहायला सांगीन, पण तुम्हाला नावं ठेवणार नाही."

मी विरुद्ध मत दिलं. इतिवृत्त मीच लिहिलं, आणि अक्षर नेहमीसारखं आलं नाही. त्याच दिवशी ग्राहकाला पत्र लिहून कळवलं की ही खेप न तपासता आली आहे, वापरू नका. सही माझी.

आता पुढचं नीट ऐका, कारण हा भाग तुम्हाला कोणी सांगितला नसेल. खेप परत आली, आणि आमच्या कारखान्यात वीस वर्षं काम केलेल्या चौकसेंनी पूर्ण तीन दिवस चाचणी केली. ते येऊन म्हणाले, "मैडम, माल तो एकदम ठीक निकला." नितीन तिथेच होते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पिंपळखुट्यांना फोन केला आणि रागानेच विचारलं, "आता काय म्हणता?"

"बरं झालं, वहिनी. चांगला निघाला, लय बरं झालं." मग म्हणाले, "आपल्याला हे आज कळलं. पाठवताना माहीत नव्हतं."

चौकसे कारखान्याचे प्रमुख झाले. नितीनला त्यांच्या हाताखाली एक वर्ष काम कर, मग पुन्हा बघू, असं मंडळाने सुचवलं होतं. ते त्यांना जमलं नाही. चार महिन्यांत ते परदेशी गेले. कोणी काढलं नाही त्यांना, अद्वैत. पण ज्या दारातून ते गेले, ते मी माझ्या मताने उघडलं होतं. दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे तब्येत आणि हवामान. ईराच्या जन्मानंतर मी तुमच्याकडे आले, तेव्हा एकदा भांडी पुसताना ते आपणहून म्हणाले, "आई, तारीख तरी नीट बघायला हवी होती मी." मी म्हटलं, "तारीख नाही रे." ते म्हणाले, "माहीत आहे." एवढंच. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

पिंपळखुटे सहा वर्षं राहिले. मग एका सभेत त्यांनी राजीनामा पुढे केला. चौकसेंना तर धक्काच बसला. मी कारण विचारलं.

"बाई, मागच्या तीन सभा पाहून राहिलो. मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही सगळे मला काय वाटते ते ओळखता, आन् तसंच ठरवता. मला खुश ठेवून राहिले तुम्ही. मी घरचा झालो. आता दुसरा कोणी बाहेरचा पहा."

त्यानंतर ते कारखान्यात कधी आले नाहीत. दिवाळीला मात्र रांझीहून सपत्नीक चेरीतालला यायचे, आणि कंपनीची चौकशी चुकूनही करायचे नाहीत. मी काही सांगू लागले तर म्हणत, "वहिनी, शेव छान झाली." मागच्या महिन्यात झोपेतच गेले. तुमच्या बाबांनी त्यांच्या पत्नीला पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

आज मंडळावर दोघं बाहेरची माणसं आहेत. त्यांतल्या एक बाई आहेत आणि त्या माझ्याशी सहसा सहमत नसतात. सील तीन दिवस तेलात राहतात. मत देताना मला वाटलं होतं की माझ्याकडे कारखाना उरेल किंवा मुलगा. कारखाना चालू आहे, आणि तुमचे बाबा माझ्याशी बोलतात.

तुमची आजी