म्हात्रे सरांचा क्लबचा अर्ज

म्हात्रे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाकुर्लीच्या घरात मेथी निवडत बसलेले. फोन नीलेशचा, त्यांच्या मुलाचा. तो माझाही विद्यार्थी, त्यामुळे चाळिशीला आला तरी मला ‘बाई’च म्हणतो. म्हणाला, “बाई, बाबा गेले. सकाळी चालून आले, चहा मागितला आणि...” पुढे त्याला बोलता येईना. मी म्हटलं, “अरे, पण परवाच तर ते मला...” आणि मलाही पुढचं आठवेना. मेथीची जुडी हातात धरून मी किती वेळ तशीच बसून होते कुणास ठाऊक. आयुष्यभर वर्गावर गुरगुरलेली बाई मी, त्या दिवशी शेजारणीला साधं ‘रिक्षा बोलाव’ म्हणतानासुद्धा मला शब्द सापडत नव्हते.

आम्ही डोंबिवलीच्या एकाच शाळेत नोकरीला लागलो आणि एकाच शाळेतून निवृत्त झालो. मी मराठी शिकवायचे, ते पीटी. सर शीळफाट्याकडच्या गावचे, अस्सल आगरी. आवाज असा, की मैदानावरून ‘सावधान’ म्हणाले की तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या वर्गातली मुलंही ताठ बसायची. लिहिणं म्हटलं की मात्र त्यांना घाम फुटे. रजेचा अर्ज असो, क्रीडा साहित्याची मागणी असो नाहीतर नीलेशच्या कॉलेजला द्यायचं पत्र असो, सर स्टाफरूमच्या दारात उभे. “बाई, जरा बघता का?” जरा बघायचं म्हणजे मी अख्खा अर्ज पुन्हा लिहायचा! मी लाल पेन उघडलं की सर समोर हाताची घडी घालून उभे राहत. मी खोडत जायची आणि ते “बरोबर, बरोबर” म्हणत जायचे. तीस वर्षं हाच रिवाज. निवृत्तीनंतरही मोडला नाही. महिन्यातून एकदा तरी कुठला ना कुठला कागद घेऊन ते ठाकुर्लीला यायचे आणि येताना घरची वालपापडी आणायचे.

दीड वर्षापूर्वी असेच आले, पण या वेळी कागद गुळगुळीत, जाड, इंग्रजी. त्यांच्या गावाला लागून एक गोल्फ कंट्री क्लब झालाय. त्याची बरीचशी जमीन गावातल्या लोकांची, सरांच्या वडिलांचं भातशेतही त्यातच. वडिलांनीच विकलेलं, राजीखुशीने. त्याबद्दल सरांची तक्रार कधी नव्हती. त्या पैशातून घर झालं, बहिणींची लग्नं झाली, नीलेश शिकला. विकणाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांवर सर उलट चिडायचे. आता क्लबने जुन्या जमीनमालकांच्या घरांना सवलतीत सभासद करून घ्यायचं ठरवलेलं आणि त्याचा हा अर्ज.

“व्हावं का नको, तुम्ही सांगा,” सर म्हणाले.

मी हसले. म्हटलं, सर, आता या वयात पांढरी टोपी घालून साहेब होणार का? सर हसले नाहीत. मग त्यांनी मला जे सांगितलं ते तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्या शेतात त्यांच्या घरचा राखणदार देव होता. मूर्ती नाही, देऊळ नाही, बांधावर एक दगड. दरवर्षी भात झोडून झालं की मार्गशीर्षात घरच्या कर्त्या पुरुषाने तिथे एकट्याने जायचं, नारळ आणि मूठभर नवा तांदूळ ठेवायचा आणि मागे न बघता परत यायचं. बायकांनी जायचं नाही, आणि पोरांना बाप हातपाय चालेनासे झाल्यावरच जागा दाखवतो. सरांना त्यांच्या वडिलांनी अशीच दाखवलेली. शेत विकलं तरी रिवाज चालू राहिला. जमीन वर्षानुवर्षं पडून होती, कोण अडवणार? मग कुंपण आलं, पण रखवालदार गावचाच, तो मागच्या फाटकातून सोडायचा. मग भराव पडला आणि दगड खाली गेला. तरी सर पावलं मोजून नेमक्या जागी पोचायचे. मैदान आखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी स्वतः पाहिलंय. पुढे हिरवळ लागली, रखवालदाराची एजन्सी बदलली, कॅमेरे लागले. सलग दोन वर्षं सर नारळ पिशवीत घालून फाटकापर्यंत गेले आणि तसेच परत आले. आत जायला आता एकच वाट होती, सभासद होणे.

मी देवधर्म फारसा न करणारी बाई. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, अहो, घरच्या देव्हाऱ्यात ठेवा तो नारळ आणि मोकळे व्हा. पण सरांच्या तोंडाकडे बघून माझी जीभ उचलली नाही. पाण्याच्या टँकरपासून नातवंडांच्या शाळांपर्यंत जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार असतं, आणि इथे मी काय म्हणाले? “बघू.” दिवाळी होऊ दे, बघू. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, बघू. खरं सांगायचं तर मला दोन्हीकडून त्यांची लाज राखता येत नव्हती. हो म्हणावं, तर बापाच्या शेतात माणूस गळ्यात कार्ड अडकवून जाणार. नाही म्हणावं, तर दर मार्गशीर्षात तो फाटकावरून परत फिरणार. वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, साफ विरोध होता. मी घरी गेले की त्या चूल सारवल्यासारखं एकच वाक्य पुन्हा पुन्हा फिरवायच्या. “आपलेच शेतान आपुन पावने कवा झालो?”

मधे क्लबने या जुन्या मालकांना एक दिवस आत बोलावून सगळं दाखवलं. कॉलरचा शर्ट हवा, बूट हवेत, असं आधीच कळवलेलं. सर आयुष्यभर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत वावरलेले, त्यांना कसली अडचण! दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले ते परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे. सांगू लागले, “बॅटरीच्या गाडीतून फिरवलं. राखणदाराची जागा आली तशी मी गाडी थांबवायला लावली, बुटाची नाडी सुटली म्हणून खाली वाकलो आणि तेवढ्यात भुईला हात लावून घेतला. नारळ कुठून आणणार, सोबत साहेब होता...” मी चहा टाकला. त्यांनी कप रिकामा केला. शेवटी म्हणाले, “बाई, त्यांनी माझ्या हातात ती काठी दिली. मी चेंडू मारला. असा गेला, असा गेला... बाई, मना आवडलं.”

घाबरले की ते ‘मला’चं ‘मना’ करत. त्यांची भीती मला तेव्हा कळली. नुसता आत जाता येईल की नाही हा प्रश्न राहिला नव्हता. सभासद झालो तर वर्षातून एक दिवस नारळ घेऊन जाऊ आणि उरलेले दिवस चेंडू मारायला जाऊ, आणि एका वर्षी मार्गशीर्ष कधी आला नि गेला ते कळणारही नाही, असं त्यांना वाटत होतं. “मी तसा माणूस आहे का हो?” असं त्यांनी मला विचारलं. सर, तुम्ही तसे नव्हतात, हे तेव्हा मी ठणकावून सांगायला हवं होतं. मी म्हटलं, बघू.

सवलतीची मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा ते अर्ज आणि कोरा कागद घेऊन आले. ठरलं होतं, व्हायचं. वहिनी बोलत नव्हत्या, तरी व्हायचं. अर्जात एक चौकट होती, सभासद का व्हायचं आहे ते थोडक्यात लिहा. सर म्हणाले, ‘गोल्फची आवड’ असं लिहा, नीलेश तसंच म्हणतोय. आणि इथे माझ्यातली बाई जागी झाली. मी म्हटलं, खोटं मी लिहिणार नाही. तीस वर्षांत तुमच्यासाठी तापाची खोटी रजासुद्धा लिहिली नाही, आता काय लिहू? खरं कारण द्या, माणसं समजून घेतात. सर लगेच “बरोबर, बरोबर” म्हणाले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी कोऱ्या कागदावर कच्चं मराठीत उतरवत गेले. ते भरभरून सांगत होते. जुन्या विहिरीचं आता तळं केलंय, त्याच्या कुठल्या काठाला पाठ लावायची, मलंगगडाच्या कुठल्या टोकाकडे तोंड करायचं, किती पावलं सरळ, कुठे वळायचं, मग किती... मी पेन थांबवलं. म्हटलं, सर, ही काय खो-खोच्या मैदानाची आखणी आहे? चौकट केवढी, तुमचं पुराण केवढं! ते म्हणाले, “असूदे ना बाई, त्यांच्या कागदावर असलं म्हणजे उद्या कोणी विचारलं तर सापडेल.” पण मी लाल पेनाने त्या सगळ्या ओळींवर आडव्या रेघा मारल्या. राहिलं ते इंग्रजीत तीन सुबक वाक्यांत बसवलं. फार छान झाला होता अर्ज. कच्चा कागद वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गेला आणि गठ्ठा रद्दीवाल्याकडे. ती जागा सरांनी दुसऱ्या कुणाला कधीही सांगितलेली नव्हती. मला सांगितली, आणि मी ती खोडली. ती पावलं आठवायचा मी गेले काही आठवडे किती प्रयत्न करतेय... एक आकडा आठवत नाही. लिहून घेताना मी ऐकतच नव्हते, वाक्यं कापायच्याच विचारात होते.

गणपतीच्या सुमारास क्लबचं उत्तर आलं. अतिशय नम्र. क्लबच्या आवारात कुठल्याही धार्मिक विधीला परवानगी देता येत नाही, सबब अर्ज मान्य करता येत नाही, शुभेच्छा. सरांनी ते माझ्याकडून वाचून घ्यायला आणलं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती. मी म्हटलं, सर, माझं चुकलं, तुम्ही म्हणत होतात तसं लिहायला हवं होतं. तर हा माणूस माझीच समजूत घालतोय! “नाही हो बाई, इंग्रजी फस्क्लास होतं.” मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला. भांडले असते, दोन शब्द सुनावले असते तर मी सुटले असते. ते दर खेपेसारखी वालपापडी ठेवून गेले. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी ते वारले.

तेराव्याला नीलेशने मला बाजूला घेतलं. सवलतीची मुदत वाढवलेली होती. त्याने मोबाइलवरच अर्ज भरला, कारणात ‘गोल्फ’ असा एक शब्द टाकला. पंधरा दिवसांत कार्ड घरी. अर्ज लिहिताना बाबांनी मला जागा सांगितली होती हे त्याला ठाऊक होतं; विहिरीच्या तळ्यापाशी पोचलास की फोन कर, एवढंच मी त्याला म्हटलं. या वेळी वहिनींनी विरोध केला नाही. ज्यांच्याशी भांडायचं ते राहिले नव्हते, एवढंच मला म्हणाल्या.

मार्गशीर्षातल्या ज्या दिवशी सर जायचे त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. नीलेश कॉलरचा शर्ट घालून, खेळाच्या बॅगेत नारळ आणि शेजाऱ्याच्या शेतातला नवा तांदूळ घेऊन निघून गेला. वहिनी आणि मी सरांच्या खोलीत बसलो. भिंतीला शिट्ट्यांच्या दोऱ्या, कोपऱ्यात लेझीमचा जोड, टेबलावर निवृत्तीच्या वेळी शाळेतून मागून आणलेलं एक कोरं हजेरीपुस्तक. अर्ध्या तासाने फोन आला. वहिनींनी तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला.

“बाई, मी आत आहे. इथे तर दोन तळी आहेत. विहिरीचं कुठलं? बाबांनी तुम्हाला सांगितलेलं ना?”

मी विचारलं, मलंगगड दिसतोय का.

“सगळीकडूनच दिसतोय, बाई.”

मागून कोणीतरी त्याला काही बोललं, बहुतेक खेळणारे खोळंबले होते. तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, लवकर सांगा. मला इथे उभं राहू देत नाहीयेत.” चाळिशीचा माणूस, पण आवाज पाचवीतल्या पोराचा झालेला. मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. खोलीत त्यांच्या नवऱ्याची प्रत्येक वस्तू होती, आणि जे हवं होतं ते माझ्याकडे असायला हवं होतं, नव्हतं.

“तुझ्या जवळचं तळं,” मी म्हटलं. “त्याला पाठ लाव. आता गडाकडे चालायला लाग आणि पावलं मोज. मोठ्याने मोज.”

तो मोजू लागला. मी ऐकत राहिले. कुठे थांबवायचं ते मला ठाऊक नव्हतं. त्याचा आवाज भरून आला तेव्हा मी म्हटलं, “थांब. तीच जागा.”

“नक्की ना, बाई?”

“नक्की. तुझ्या बाबांनी मला लिहून दिलेलं.”

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग त्याने “ठेवला” म्हणून फोन बंद केला. मागे न बघता चालत ये, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

मला वाटलं आता वहिनी विचारतील, खरंच लिहून दिलेलं का. त्या उठल्या. टेबलावरचं हजेरीपुस्तक उघडून पहिलं पान माझ्यापुढे केलं, पेन दिलं.

“किती पावलं झाली ती लिवून ठेवा बाई. पुढचे साली तो परत इचारल.”

मी लिहिलं.