मापात न बसणारा कुत्रा

सकाळी घरात नुसती पळापळ चाललेली. दूध उतू जायच्या बेतात, पोरीचा एक मोजा सापडलेला, दुसरा बेपत्ता, नवरा गालांना साबण फासून आरशासमोर. तेवढ्यात दार वाजलं. धाकट्या सुनेनं गॅस बारीक केला आणि हात पुसत कडी काढली.

दारात थोरले दीर. वरच्या मजल्यावर राहणारे, इमारतींचे नकाशे काढणारे. रेघ वाकडी दिसली की त्यांचं डोकं दुखायचं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं कपाट कुठे, पडदे केवढे, फळ्या किती उंचावर, सगळं दादांनी ठरवलेलं. दादांनी कधी चहासुद्धा केला नाही, पण स्वयंपाकघरातल्या फळ्या त्यांच्या उंचीच्या. ती स्टुलावर चढून डबे काढायची आणि हसून सोडून द्यायची. नातेवाईक म्हणायचे, धाकटीला रागच येत नाही.

आज दादांच्या हातात पुठ्ठ्याची गल्ली होती. दुसरीतल्या पुतणीला शाळेत 'आमची गल्ली' करून न्यायची होती. तिनं ती खपून केलीही होती. काल दादा जरा डिंक पक्का करतो म्हणून वर घेऊन गेले होते. आता काड्यापेट्यांची कलती घरं गायब. सरळ रेषेत इमारती, खिडक्यांना पारदर्शक कागद, बटण दाबलं की दिवे.

"कुत्रा कुठे गेला?" पोरीनं विचारलं.

तिनं गल्लीत केलेला कुत्रा बसएवढा होता. कोपऱ्यावरच्या त्या कुत्र्याला ती तेवढीच घाबरायची. न्हाव्याचं दुकान दवाखान्याहून मोठं, कारण तिथे फिरती खुर्ची होती.

दादांनी प्रेमानंच समजावलं, की या मापात कुत्रा मुंगीएवढा होतो, दिसणारही नाही, म्हणून काढून टाकला.

"मग हे काकांचं आहे. मी नाही नेणार," म्हणत ती एकाच पायात मोजा घालून जमिनीवर बसली.

नवरा साबणातूनच म्हणाला, की दादानं एवढा जीव ओतलाय, मुकाट्यानं ने, बाई खूश होतील. धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. जुनं सामान कुठे आहे, तिनं विचारलं. दादा म्हणाले, पिशवीत भरून दाराबाहेर ठेवलंय, जाताना कचऱ्यात टाकतो.

तिनं पिशवी उचलून आणली आणि पोरीसमोर ठेवली. नवऱ्याला म्हणाली, खाली जा आणि शाळेची बस थांबव. तो अर्ध्या दाढीनं गेला.

"अगं, लोक काय म्हणतील?" दादा म्हणाले. "माझ्या घरातून असलं वाकडंतिकडं जाणार?"

"तुमच्या नाही, तिच्या घरातून जाणार. त्या कुत्र्याबद्दल वर्गात काय सांगायचं, ते ती चार दिवस आरशासमोर घोकतेय. तुमच्या दिव्यांबद्दल काय सांगणार ती? लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरातल्या त्या फळ्यांपर्यंत हात पुरत नाही माझा, तरी कधी बोलले नाही. आज बोलतेय."

पोर खाली मान घालून खोक्याच्या झाकणावर घरं चिकटवत होती. डिंक ओला होता. न्हाव्याचं दुकान एका बाजूला कलंडलं, तसा दादांचा हात आपसूक पुढे आला.

धाकटी मध्ये उभी राहिली.

"दादा, तिनं मागितल्याशिवाय हात लावू नका. एवढंच मागतेय."