आमच्या भोंग्याची इटालियन धून

परवा भाच्याने मोबाइलवर एक धून लावली आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "मावशी, हे इटालो डिस्को. ऐंशीच्या दशकातलं. फार थोड्या लोकांना माहीत आहे, शौकीन जगभर शोधत फिरतात." पहिल्या ठेक्यालाच माझ्या हातातली भाजी हातात राहिली. थोड्या लोकांना? अख्ख्या घाटनांदूरला ती धून पाठ होती.

माझे वडील लग्नात लाऊडस्पीकर लावत. भोंगा कडुलिंबावर बांधून झाला की प्रत्येक सेटवाला आधी आपली ठरलेली धून वाजवायचा. त्यावरून पार वस्तीपर्यंत कळायचं, आज कोणाचा सेट आलाय. बाकीच्यांची सनई असे. वडिलांना मात्र आखातातून परतलेल्या एका ड्रायव्हरने कॅसेट दिली होती, वर काही न लिहिलेली. खाली धपधप ठेका, वर चांदण्या लुकलुकाव्यात तसले आवाज, आणि गाणारं कोणीच नाही. मंगलाष्टकांआधी मांडव गप्प करायलाही ते हीच लावत. इटली कुठे आहे हे गावाला ठाऊक नव्हतं, पण इटलीच्या ठेक्यावर आमच्या गावच्या किती पोरींवर अक्षता पडल्या, हे मी छाती पुढे काढून सांगते.

मग केबल आली. अंबाजोगाईत मोठ्या बॉक्सचे नवे सेट आले आणि वडिलांना बोलावणी कमी झाली. धून तेवढी राहिली होती. तीही आत्याच्या हातून गेली. ती गावातल्या बायकांबरोबर कपिलधारच्या यात्रेला निघाली होती आणि तिथली भजनं टेप करायला तिला कोरी कॅसेट हवी होती. घरातल्या कॅसेटी तिने एकेक लावून पाहिल्या आणि जिच्यात गाणं नव्हतं ती उचलली. दोन्ही बाजू भजनांनी भरून आली.

"मला वाटलं, कोरीच हाय," ती म्हणाली. "माणूसच गात न्हाई त्याच्यात. म्हटलं, दादाची माइक तपासायची आसंल."

 त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि वडील म्हणाले, "अंबाजोगाईवाल्याला सांगतो. आपल्याच पोरीच्या लग्नात बिनधुनीचा भोंगा काय लावायचा?"

माझं डोकंच फिरलं. गावभरच्या पोरींची लग्नं वाजतगाजत लावून दिली आणि माझ्या वेळेला उसना सेट? मी सांगून टाकलं, "तुमचा भोंगा नसंल तर मी बोहल्यावर चढत न्हाई." नुसती धमकी नव्हती ती. खरंच चढले नसते.

तोड आत्यानेच काढली. त्या काळी मंगलाष्टकं टेप करून ठेवायची हौस होती. कोणाच्या ना कोणाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये वडिलांची धून आली असणार. आम्ही दोघी घरोघर हिंडलो. "तुमच्या लग्नाची कॅसेट हाय का?" म्हटलं की बाई आधी लाजायची, मग चहाचं आधण ठेवायची. कुठे पोरांनी त्यावर सिनेमाची गाणी भरून टाकलेली, तर कुठे धून सुरू होते न होते तोच भटजी सुरू. आत्याचा चेहरा घरागणिक उतरत गेला.

शेवटी स्टेशनजवळच्या एका शेतकऱ्याकडे घबाड हाती लागलं. त्याच्या लग्नात दोस्तांचं नाचणं संपेना म्हणून नवरदेव मारुतीच्या पारापाशीच अडकला होता. इकडे मांडवात मंगलाष्टकं भरून घ्यायला लावलेला टेप चालूच राहिला आणि वेळ काढायला वडिलांनी धून अख्खी वाजवली होती. मधे एक लेकरू रडतंय, कोणीतरी "नवरदेव आला का बे?" म्हणून ओरडतंय, पण धून पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. आत्या तिथेच भिंतीला टेकून बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली.

वडिलांना आम्ही काही कळू दिलं नाही. मी हट्ट सोडला नाही म्हणून लग्नाच्या सकाळी त्यांनी नाइलाजाने आपलाच भोंगा बांधला. आत्याने कॅसेट पुढे केली. "दादा, ही लाव." त्यांना वाटलं, भजनं असतील.

धून सुरू झाली. वडील बटणावरचा हात न काढता तसेच उभे राहिले. मग भोंग्यातून "नवरदेव आला का बे?" आलं आणि सगळा मांडव हसला. वडीलही हसले. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

थोड्या वेळाने वस्तीवरचे एक म्हातारे काठी टेकत आले. गडबडीत त्यांना पत्रिका द्यायचीच राहिली होती.

"कसली पत्रिका," ते वडिलांना म्हणाले. "लई दिसांनी तुमचा सेट वाजला. तोबी तुमच्याच दारात. म्हंजी पोरीचंच लगीन, म्हटलं, चला."

वडिलांनी त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं आणि मग येईल त्याला तेच सांगत सुटले, की पत्रिकेवाचून माणूस आला, नुसत्या धुनीवर. माझ्या पाठवणीपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. आणि भाच्याला मीही परवा आधी तेच सांगितलं.